मागणं कुणाकडे आणि दोष कुणाच्या माथी?

(आलापल्ली इथे बचत गटातल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

तुम्ही मला बोलावलंत ते कायद्याची माहिती द्यायला. पोटगी, निकाहनामा, घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा. ते मी सांगणार आहेच, पण थोडं शेवटी. आधी मला एका वहीविषयी बोलायचं आहे. जिची ती वही आहे तिने मला परवानगी दिली आहे. गाव आणि नाती मी बदलून सांगते आहे, तेव्हा ही कोण असेल याचा अंदाज कुणी बांधू नका.

दोनशे पानी वही होती. बारावीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर सुरेख. रोज सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री झोपताना नऊदा तिने एकच वाक्य लिहिलं होतं. माझा नवरा माझ्यावर प्रेम करतो, मला मान देतो, असं. तीन-सहा-नऊ. मोबाईलवर जे मॅनिफेस्टेशन शिकवतात त्यातली ही एक रीत. दिवसाच्या अठरा ओळी, आणि असे चाळीस दिवस. मी तिच्यासमोरच हिशेब केला, सातशे वीस ओळी झाल्या होत्या. ती आमच्या सल्ला केंद्रात आली तेव्हा डाव्या हाताला प्लास्टर होतं. उजवा हात शाबूत होता, त्यामुळे लिहिण्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता.

या शिकवणीचे तिने तीन हजार रुपये भरले होते. गटातून शिलाई मशीनच्या दुरुस्तीसाठी म्हणून उचललेले. शिकवणाऱ्या बाई कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या, समोरासमोर भेट कधीच नाही. मार थांबला नाही तेव्हा हिने त्यांना निरोप पाठवून विचारलं. उत्तर आलं की तू वरून प्रेम लिहितेस पण आतून भीत असतेस, आणि युनिव्हर्स तुझी भीती ऐकतं, म्हणून भीतीच तुझ्याकडे परत येते. मग हिने घाबरून नवऱ्याच्या फुफूला वही दाखवली. फुफूने तौबा तौबा केलं. हे शिर्क आहे म्हणाली, अल्लाह सोडून दुसऱ्या कुणाकडे मागणं आहे. हे बंद कर, मी सांगते तो वजीफा पढ, चाळीस दिवस, आणि सब्र कर.

एकीने युनिव्हर्स सांगितलं, दुसरीने वजीफा सांगितला. हात कसा मोडला, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

मी स्वतः मुसलमान घरातली. बल्लारपूरला वाढले. वडील ट्रकवर होते, याच आलापल्लीच्या जंगलातली लाकडं वाहायचे. ते वेळेवर परतले नाहीत की अम्मी तसबीह घेऊन बसायची. नागपूरला ताजाबादला जाऊन ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात तिने किती मन्नती मानल्या असतील त्याची गणती नाही. बाबा १९२५ साली वारले, पण आजही तिथे जाणाऱ्यांत जितक्या बुरख्यातल्या बाया असतात तितक्याच कुंकू लावलेल्या. तेव्हा बाईने काही मागितलं, त्यासाठी धागा बांधला की ती अडाणी, असं मी म्हणणार नाही. पुढे नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करताना माझ्या वर्गातल्या पुरोगामी मैत्रिणी असं पटकन म्हणायच्या. तेव्हाही मला ते लागायचं. जिच्या हातात दुसरं काहीच नसतं ती मागते. प्रश्न असा आहे की ती मागते तेव्हा समोरचा तिला काय सांगतो.

हा मॅनिफेस्टेशनचा विचार आला कुठून ते थोडक्यात सांगते. ही काही आपल्या ऋषिमुनींची किंवा सूफींची विद्या नव्हे, जरी विकणारे तसं सांगत असले तरी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत फिनियस क्विम्बी नावाचा एक घड्याळजी होता. आजार मनातल्या चुकीच्या समजुतीतून येतो, समजूत बदलली की आजार जातो, असं तो सांगू लागला. त्यातून ‘न्यू थॉट’ नावाची विचारधारा वाढली. १९०६ साली अ‍ॅटकिन्सन नावाच्या लेखकाने विचारांच्या आकर्षणाच्या नियमावर पुस्तकच काढलं. १९३७ साली, महामंदीने तिथे लाखो लोक बेकार झालेले असताना, नेपोलियन हिलचं श्रीमंत होण्याविषयीचं पुस्तक आलं. कारखाने बंद का पडले हे विचारण्यापेक्षा, तुझ्या मनात श्रीमंतीची पुरेशी तीव्र इच्छा आहे का, असं बेकार माणसालाच विचारणारं. आणि २००६ साली रॉन्डा बर्न यांचा ‘द सीक्रेट’ हा चित्रपट आणि त्याच नावाचं पुस्तक आलं, ते जगभर खपलं. सारखं सारख्याला ओढतं, चांगला विचार करा म्हणजे चांगलं येईल, हा त्याचा गाभा. या नियमाला दुसरी बाजू आहे, ती विकताना कुणी मोठ्याने सांगत नाही. तुमच्या वाट्याला वाईट आलं असेल तर तेही तुम्हीच ओढून आणलेलं असतं.

आता मोबाईलवर यालाच हिरवा रंग दिलेला सापडतो. हलाल मॅनिफेस्टेशन! सांगणारे बहुतेक तरुण असतात, छान बोलतात. म्हणतात, बघा, इस्लाममध्ये हे चौदाशे वर्षांपासून आहे. कर्माचं मोल नियतीवरून ठरतं ही हदीस आहेच. बंदा माझ्याविषयी जसा गुमान ठेवतो तसा मी त्याच्याशी असतो, या अर्थाची हदीसही आहे. शुक्र केला तर अल्लाह आणखी देतो, असं कुराणातही आलं आहे. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलंच आहे. म्हणून तर आपल्या मुलींना ते ओळखीचं वाटतं आणि त्या पटकन त्यात शिरतात. पण ही वचनं एका ओळीत मांडून त्यातून जो नियम काढतात, तो नियम त्या वचनांत नाही.

मी आलिमा नाही, फतवा द्यायला उभी नाही. घरात आणि मदरशात जे शिकले आणि पुढे वाचलं, त्यावरून बोलते.

दुआ म्हणजे कुणाला तरी हाक मारणं. ज्याला हाक मारली तो ऐकणारा आहे, जवळ आहे, असं सूरह बकरात सांगितलं आहे. पण तो आपला नोकर नाही. तो हो म्हणेल, उशिरा देईल, किंवा देणार नाही. त्याच सूरेत असाही अर्थ आहे की जे तुम्हाला नकोसं वाटतं त्यात तुमचं भलं असू शकतं आणि जे हवंसं वाटतं त्यात नुकसान. इस्तिखाराची नमाज आपल्यापैकी पुष्कळजणी लग्नाच्या वेळी पढल्या असतील. तिच्यात आपण काय मागतो? हे स्थळ माझ्या भल्याचं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून दूर कर आणि माझ्या मनालाही त्यापासून वळव, असं. म्हणजे मागतानाच नकाराला जागा ठेवलेली आहे. मॅनिफेस्टेशनच्या शिकवणीत नकाराला जागाच नाही. मिळालं नाही म्हणजे तुझी मागण्याची रीत चुकली, मग पुढची शिकवणी घे, आणखी पैसे भर.

दुसरी गोष्ट उंटाची. ती तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. एकाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधू की अल्लाहवर भरोसा ठेवून मोकळा सोडू? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरोसा ठेव. तिरमिजीच्या संग्रहात ही हदीस आहे. तवक्कुल म्हणतात ते हे. आणि याहून मोठं उदाहरण तर एका बाईचंच आहे. बीबी हाजरा. ओसाड वाळवंट, पाणी संपलेलं, तान्हं मूल तहानेने तळमळतंय. इमान तिच्याइतकं कुणाचं असणार? तरी ती डोळे मिटून झऱ्याचं चित्र बघत बसली नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये धावली. एकदा नाही, सात वेळा. झमझम नंतर लागलं. आज हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येक माणूस, कितीही मोठा असो, त्या बाईच्या पावलावर पाऊल ठेवून सात फेऱ्या करतो. हाजराला कुणी असं म्हटलेलं ऐकलंय का, की तुझ्या मनात तहानेची भीती होती म्हणून मूल तहानलं?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा दोषाचाच मुद्दा. आपल्याकडे अय्यूब नबींना रोग झाला. यूसुफ विहिरीत टाकले गेले. याकूब मुलासाठी रडून आंधळे झाले. खुद्द पैगंबरांची फातिमा सोडून सगळी मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली, आणि इब्राहीम हा लहानगा गेला तेव्हा ते रडले. संकट आलं म्हणजे त्या माणसाचे विचार वाईट होते, असं मानायचं तर यांना काय म्हणणार?

हे मी पुस्तकातून शिकले नाही. चार वर्षांपूर्वी माझं पाचव्या महिन्यात मूल गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा कॉलेजची एक मैत्रीण भेटायला आली. प्रेमाची मुलगी, माझ्याजवळ रात्रभर बसली. पण बोलता बोलता तिने विचारलं, तुझ्या मनात आधीपासून काही भीती होती का गं? तू निगेटिव्ह विचार करत होतीस का? ती हल्ली ते सगळं ऐकत असते. मी पुढचे कित्येक दिवस आठवत राहिले, कुठल्या दिवशी मी काय विचार केला होता. माझी नानी ऐंशीच्या पुढची, निरक्षर, पाच वेळची नमाजी. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि एवढंच म्हणाली, बेटी, इसमें तेरा कोई कसूर नहीं. अल्लाह की अमानत थी. त्या वेळी मला नानीच्या तकदीरने वाचवलं, हे मी सगळ्या पुरोगाम्यांसमोर कबूल करते.

पण मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपवली तर ती अर्धी होईल. याच नानीने माझ्या मामीला, मामा मारायचा तेव्हा, तकदीर आणि सब्र हेच दोन शब्द वीस वर्षं ऐकवले. मूल जाणं कुणाच्या हातात नसतं. मामाचा हात मामाच्या हातात होता. दोन्हींना एकच शब्द लावला की जो मारतो तो सुटतो. म्हणजे आमच्या समाजात सब्रचा वापर जसा झाला, तसाच वापर आता युनिव्हर्सचा होतो आहे. मोबाईलवाल्या बाई म्हणतात तुझा विचार बदल, फुफू म्हणते तुझा सब्र वाढव. नवऱ्याला दोघीही काही म्हणत नाहीत. पुरुषप्रधानतेला भाषा कुठलीही चालते, अरबी चालते आणि इंग्रजीही.

सब्र करा म्हणणाऱ्यांना मी नेहमी खौलाची गोष्ट सांगते. मदिन्यात खौला बिन्त सअलबा नावाची बाई होती. नवऱ्याने रागाच्या भरात तिला म्हटलं, तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. त्या काळी या एका वाक्याने बाई नवऱ्याला हराम व्हायची, आणि मोकळीही व्हायची नाही. जिहार म्हणत त्याला. ती पैगंबरांकडे गेली. आधी उत्तर तिच्या बाजूचं नव्हतं. ती उठून गेली नाही, वाद घालत राहिली. माझं वय झालंय, पदरात मुलं आहेत, मी जाऊ कुठे, असं सांगत राहिली आणि अल्लाहकडेही तक्रार करत राहिली. तेव्हा अठ्ठावन्नावी सूरह उतरली, तिचं नावच मुजादिला, म्हणजे वाद घालणारी. तिची तक्रार ऐकली गेली, असं त्या सूरेच्या सुरुवातीलाच आलं आहे. जिहारने बायको आई होत नाही असं ठरलं, आणि प्रायश्चित्त कुणाला सांगितलं? नवऱ्याला! एक गुलाम मुक्त कर, ते जमत नसेल तर लागोपाठ दोन महिने रोजे ठेव, तेही होत नसेल तर साठ गरिबांना जेवू घाल. तुझे विचार सुधार, असं खौलाला कुणी सांगितलं नाही.

मग सूरह निसातली ती आयत आहे त्याचं काय, असं मला प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतं. बरोबर आहे, विचारलं पाहिजे. तिचा अर्थ लावण्यावरून वाद आहे आणि तो जुना आहे. असगर अली इंजिनियर यांनी ‘द राइट्स ऑफ वुमन इन इस्लाम’ या पुस्तकात बायकांच्या बाजूने मांडणी केली, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बाया २००७ पासून तो वाद घालत आहेत. मी त्यांच्या बाजूची आहे. आज त्यात शिरत नाही, दिवस पुरायचा नाही.

इथे बसलेल्या निम्म्याजणी मुसलमान नाहीत. त्यांना वाटत असेल की हे आमच्या कामाचं काय? तर तुमच्याच जिल्ह्याचं सांगते. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आली १९९३ साली. गावोगावच्या लोकांनी, बायांनी ती मागून घेतली. चंद्रपूरच्या बाया ‘श्रमिक एल्गार’बरोबर २०१० च्या डिसेंबरात चिमूरपासून नागपूरपर्यंत पायी गेल्या, अधिवेशनावर. बंदी मिळायला २०१५ उजाडलं. आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. आता सांगा, चालणाऱ्या बायांची इच्छा कमी तीव्र होती का? २०२१ साली चंद्रपूरच्या बायांच्या मनात अचानक दारूविषयी चांगले विचार आले, म्हणून दुकानं उघडली? सुरजागडचे ट्रक इथल्या रस्त्याने धावतात, धूळ तुमच्या भांड्यांत पडते. तेही तुम्ही मॅनिफेस्ट केलं काय! (हशा) हसू येतं, पण त्या नियमाचं टोक गाठलं की हेच निघतं. कंत्राट, महसूल, सत्ता हे सगळं त्यातून पुसलं जातं, आणि एकटी बाई आणि तिचं डोकं एवढंच उरतं.

मुसलमान बायांनाही जे मिळालं ते असंच मिळालं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तेव्हा बाया होत्या फक्त सात. तोंडी एकतर्फी तलाक बंद करा ही मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तलाक रद्दबातल ठरवला २०१७ साली, एक्कावन्न वर्षांनी. त्या सातजणींनी दुआ केली नसेल असं नाही. पायही उचलले.

चांगला विचार करण्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. आशा लागतेच. पण त्याचाही अभ्यास झाला आहे. गॅब्रिएले ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांना विचारलं, यशाची गोड स्वप्नं किती रंगवता? दोन वर्षांनी पाहिलं तर जास्त स्वप्नं रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या होत्या आणि पगारही कमी होते. मिळालंच आहे असं मनाला पटवलं की धावायचं राहून जातं, असं मला त्यातून दिसतं.

आता वहीवाल्या बाईचं पुढे काय झालं ते. मी तिला वही फेकून दे म्हटलं नाही. वजीफाही सोड म्हटलं नाही. तो तिचा आणि तिच्या अल्लाहचा मामला आहे. मागच्या पानापासून सुरुवात कर म्हटलं, आणि तारीख घालून लिही. कधी मारलं, कशाने, कोण हजर होतं, दवाखान्यात गेलीस का, कागद मिळाला का. पहिल्या दिवशी ती दोन ओळी लिहून थांबली. म्हणाली, बाजी, असं लिहिलं तर हेच पुन्हा होईल ना? निगेटिव्ह लिहायचं नसतं ना? तीन हजारांत ती हे शिकली होती. तिला समजावायला मला तीन भेटी लागल्या. चौथ्या भेटीत तिने मागच्या सहा वर्षांतलं आठवेल तेवढं लिहून आणलं, अकरा पानं. त्यावरून संरक्षण अधिकाऱ्यांकडे घरगुती घटनेचा अहवाल दाखल झाला. २००५ चा हा कायदा हिंदू, मुसलमान, आदिवासी, ख्रिश्चन सगळ्या बायांना सारखा आहे. मार थांबवण्याचा आदेश मागता येतो, राहत्या घरातून काढू नये असा आदेश मागता येतो, खर्चही मागता येतो. तलाकच हवा असं नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती अजून त्याच घरात आहे. नवरा सध्या हात उचलत नाही, बोलतही नाही. फुफू तिच्याकडे पाहत नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तीन हजार मात्र ती अजून गटाला फेडते आहे, आणि गटातल्या बाया त्यावरून तिला टोमणे मारतात. ते तुम्ही इथे तरी करू नका.

तलाक झालेल्या मुसलमान बाईला पोटगी मागता येते की नाही, हा प्रश्न मघाशी चिठ्ठीवर आला आहे. येते. १९८५ चा शहाबानो निकाल, मग १९८६ चा कायदा, मग २००१ चा डॅनियल लतीफी निकाल, हा लांबचा रस्ता आहे. जुलै २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ खालीही तिला मागता येते. ते कलम आता नव्या संहितेत १४४ झालं आहे. नंबर लिहून घ्या, वकील कधी कधी जुनाच सांगतात.

पुढच्या शुक्रवारी जोहरच्या नमाजीनंतर मी इथेच बसणार आहे. येताना निकाहनाम्याची झेरॉक्स आणा. मेहरच्या रकान्यात काय लिहिलंय ते आपण एकेकीचं वाचू. ज्यांच्याकडे निकाहनामाच नाही, त्यांनी निकाह कुठे झाला आणि साक्षीदार कोण होते ते आठवून या. माडिया आणि तेलुगू मैत्रिणींनी आधार आणि रेशन कार्ड आणलं तरी चालेल. आणि एक वही आणा, दोनशे पानी लागत नाही, शंभर पानी पुरते.